अगराचा वास गोड नसतो

गेल्या महिन्यात, एकादशीच्या आदल्या दिवशी, दुकानात बुक्क्याच्या पुड्या बांधायची घाई चालली असताना पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज घाबरलेला होता. मुलाच्या शाळेतून तिला बोलावणं आलं होतं. पोरगा नववीत आहे. त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर झाडाच्या मुळ्यांसारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत काही नावं लिहिलेली शाळेच्या समुपदेशकांना दिसली. त्यांनी त्यातलं एक गाणं अर्धा मिनिट लावून बघितलं आणि बहिणीला सांगितलं, की मुलाच्या मनात राग साचलाय, हे ऐकणं ताबडतोब बंद करा.

"ताई, तू एकदा ऐक तरी. नुसता ओरडतोय गं तो माणूस. सैतानाचं संगीत म्हणतात म्हणे याला."

तिनं पानाचा फोटो पाठवला. सात नावं होती. तिसरं नाव वाचलं आणि हातातली पुडी तशीच राहिली. ते नाव मला बावीस-तेवीस वर्षांपासून ठाऊक आहे. खरं तर त्याच्याही आधीपासून.

"मोबाइल कुठंय त्याचा?" मी विचारलं.

"काढून घेतलाय."

"आजच्या आज परत दे."

ती गप्प झाली. फोनवर एवढंच बोलता आलं, कारण समोर गिऱ्हाईक उभं होतं. पण ते वाक्य मी का बोलले हे तिला नीट सांगायला हवं, आणि तिच्यासारख्या आणखीही आया असतील म्हणून ते इथं लिहिते आहे.

आमचं घर तीन पिढ्या पंढरपुरात सुगंधाच्या धंद्यात आहे. बुक्का, अष्टगंध, धूप, उदबत्ती. प्रदक्षिणेच्या रस्त्यावर दुकान आणि मागं वाड्यात कांडण, चाळण, वाळवण. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, तिजोरीत एक पितळी डबी असायची. तिच्यात करंगळीएवढा लाकडाचा तुकडा, काळसर, तेलकट, हातात घेतला की आकारापेक्षा जड लागणारा. मुंबईला मोहम्मद अली रोडवरच्या एका अत्तरवाल्याकडून अण्णांनी तो तरुणपणी आणला होता. तो अगर. वर्षातून एकदा, धनत्रयोदशीला, अण्णा त्याचा नखाएवढा कपचा काढून निखाऱ्यावर ठेवत.

सात-आठ वर्षांची असताना मी पहिल्यांदा तो वास घेतला आणि नाक मुरडलं. गुलाब, मोगरा, केवडा यांना सरावलेलं माझं नाक. हा वास कडवट, ओला, औषधासारखा, जुन्या चामड्यासारखा. अण्णा एवढंच म्हणाले, "गोड नाहीये तो. जरा थांब." मी थांबले. निखारा विझत आला तरी तो वास गेला नाही. त्याचे थर हळूहळू सुटत गेले. आधी लाकूड, मग राळ, मग पावसानं भिजलेली माती. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या बंडीलाही तो येत होता.

आपण रोज देवापुढं लावतो त्या अगरबत्तीत आता अगर नसतो. बांबूची काडी, कोळशाची पूड, चिकटायला जिगत आणि वरून सुगंधी तेल. नाव तेवढं मागं राहिलं. कालिदासाच्या 'रघुवंशा'त प्राग्ज्योतिषच्या, म्हणजे आजच्या आसामच्या, काळ्या अगरूची झाडं येतात. तिथंच, होजाईच्या बाजूला, आजही या झाडाचा व्यापार चालतो. पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकायला गेले तेव्हा त्या झाडाची खरी हकीगत कळली. निरोगी अगराच्या झाडाला वास नसतो. लाकूड पांढुरकं, हलकं, कामाचं फारसं नाही. खोडात अळी शिरते, फांदी मोडते, जखमेतून बुरशी आत जाते, तेव्हा झाड त्या जखमेभोवती काळी राळ साठवू लागतं. वर्षानुवर्षं. ते काळं झालेलं, आजारी लाकूड म्हणजे अगर. माणसांना ते इतकं हवंसं झालं की झाडं संपत आली आणि १९९५ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियमांत बांधावा लागला. पाठ्यपुस्तकात त्याचं नाव होतं ॲक्विलेरिया अगॅलोका. ते मी अण्णांना पत्रात लिहून कळवलंही होतं.

म्हणून २००३ च्या पावसाळ्यात, एका मैत्रिणीच्या भावाच्या खोलीत, कोऱ्या सीडीवर मार्करनं लिहिलेला 'अ‍ॅगलॉक' हा शब्द बघून मी थबकले. "हे आमच्या अगराचं नाव आहे," मी म्हणाले. तो इंजिनीअरिंगचा. "बँड आहे गं तो. अमेरिकेतला. ब्लॅक मेटल," असं म्हणत त्यानं सीडी लावली. नाव खरोखर अगराच्या लाकडावरूनच घेतलेलं आहे. बँड सुरू झाला तेही साल १९९५. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचा हा बँड, आणि तो अल्बम होता २००२ चा 'द मँटल'.

मी मेटल ऐकणारी नव्हते. पंढरपुरात वाढलेली मुलगी. कानात भजन, कीर्तन, पखवाज, रेडिओ. पण त्या सीडीची सुरुवात दणक्यानं झालीच नाही. सावकाश पडणारे ढोलाचे ठोके आणि लाकडी गिटार. कुणीतरी लांबून, चिखलातून चालत येतंय असं वाटायला लावणारे. त्यात शब्द नव्हते. मग दुसरं गाणं सुरू झालं, 'इन द शॅडो ऑफ अवर पेल कम्पॅनियन'. पावणेपंधरा मिनिटांचं. आणि त्यात तो आवाज आला, ज्यानं माझी बहीण घाबरली.

त्या आवाजाबद्दल नीट सांगायला हवं, कारण सगळा गैरसमज तिथं आहे. जॉन हॉम हे या बँडचे गायक. ते त्या गाण्यात घसा खरवडून गातात. श्वास आणि किंकाळी यांच्या मधला काहीतरी आवाज. पण तो अंगावर येत नाही. तो गिटारींच्या मागं ठेवलेला आहे. गाणाऱ्याला पुढं उभं करून वाद्यांनी मागं साथ करायची, ही आपली सवय. इथं माणूस मागं आहे आणि पुढं आहे पाऊस, धुकं, झाडं. डोंगरात कुणी हाक मारली आणि ती वाऱ्यानं अर्धी खाल्ली तर जशी पोचेल, तशी ती पोचते. काही वेळानं तोच माणूस साध्या, स्वच्छ आवाजात गातो. मग दोन्ही थांबतात आणि लाकडी गिटार एकटीच उरते.

या प्रकारच्या संगीतात गिटार वाजवायची एक रीत आहे. एकच सूर तारेवर इतक्या वेगानं छेडायचा की छेडणं ऐकू येईनासं होतं आणि सूर सलग उभा राहतो. जोरात फिरणारा भोवरा उभा दिसतो, तसं. पहिल्या अर्ध्या मिनिटात कानाला फक्त वेग कळतो आणि माणूस म्हणतो, हा गोंगाट आहे. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कान वेग विसरतो आणि त्याला आतली संथ चाल दिसू लागते. अ‍ॅगलॉकनं या रीतीला सावकाशपणा जोडला आणि तिच्याशेजारी लाकडी गिटार आणून बसवली. 'द मँटल'वर तर काही गाणी ढोल आणि लाकडी गिटारीवरच उभी आहेत. 'द लॉज' या गाण्यात शिंगांसकट हरणाची कवटी तालवाद्य म्हणून वाजवली आहे. शेवटचं गाणं मँडोलिन आणि अकॉर्डियनवर आहे, कुजबुजत म्हटलेलं. 'द हॉथॉर्न पॅसेज' या शब्दांविना चालणाऱ्या लांबलचक गाण्यात बर्गमनच्या 'द सेव्हन्थ सील' चित्रपटातले आवाज येऊन जातात. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी अर्धा मिनिट ऐकलं. अण्णांच्या डबीतला कपचा निखाऱ्यावर टाकून अर्ध्या मिनिटात नाक काढून घेतलं असतं तर मलाही तो फक्त कडवट वास म्हणूनच आठवला असता.

'द मँटल'च्या मुखपृष्ठावर एक हरीण आहे, मोठ्या शिंगांचं. पुष्कळ वर्षं मला वाटायचं हे रानातलं चित्र असेल. ते पोर्टलंड शहराच्या ऐन मध्यावरचं शिल्प आहे. एल्क जातीचं हे हरीण. एके काळी हे प्राणी तिथंच चरायला यायचे, त्यांची आठवण म्हणून डेव्हिड थॉम्पसन या माजी महापौरांनी १९०० साली ते शहराला दिलं. रोलंड हिंटन पेरी यांनी घडवलेलं. रस्ता त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटून पुढं जायचा, मोटारी वळसा घालून जायच्या. २०२० च्या आंदोलनांत त्याच्या चौथऱ्याला आगी लावल्या गेल्या आणि पुतळा तिथून हलवावा लागला. जिथून हरणं गेली तिथं हरणाचा पुतळा उभा, आणि त्याच्या अंगावर पाऊस. त्या एका चित्रात या बँडचं सगळं म्हणणं आहे असं मला वाटतं. जे गेलं त्याचा शोक, आणि तो शोक करायला शहरातच उभं राहावं लागणं.

कारण हे जंगलाचं संगीत असलं तरी अस्पर्श जंगलाचं नाही. अमेरिकेच्या त्या वायव्य किनाऱ्यावर डग्लस फरची शेकडो वर्षांची झाडं विसाव्या शतकात लाकडासाठी तोडली गेली. १९९० मध्ये तिथल्या ठिपकेदार घुबडाला कायद्यानं संरक्षण मिळालं आणि त्यावरून लाकूडतोडीवर पोट असणारे आणि जंगल राखू पाहणारे यांच्यात वर्षानुवर्षं भांडण चाललं. दोन्ही बाजूंना गमावण्यासारखं होतं. अ‍ॅगलॉक त्या वर्षांत उभा राहिला. त्यांची गाणी घोषणा देत नाहीत. मोर्चाच्या गाण्यांना मी कमी लेखत नाही, पण झाड पडल्यानंतर जी शांतता होते तिच्यासाठी वेगळं गाणं लागतं.

बहिणीची भीती मात्र निराधार आहे असं मी म्हणणार नाही. ब्लॅक मेटल या नावाला रक्त लागलेलं आहे. १९९२ च्या ६ जूनला नॉर्वेत बर्गनजवळचं फान्टोफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं. पाठोपाठ आणखी चर्चेस जळाली. ऑगस्ट १९९३ मध्ये 'मेहेम' या बँडच्या गिटारवादकाचा, युरोनिमसचा, ओस्लोत खून झाला आणि खून करणाराही याच वर्तुळातला संगीतकार होता. त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. गुन्हे ते गुन्हेच. पोरं त्याला बंडखोरी म्हणतात तेव्हा मला राग येतो. शेकडो वर्षं माणसांनी जिथं जन्म-मरण वाहिलं ते लाकडी देऊळ जाळण्यात कसलं शौर्य? त्या वर्तुळातून वंशद्वेषाचं विषही काही बँडांत शिरलं आणि आजही आहे. म्हणून वहीतली बाकीची सहा नावं मी एकेक करून तपासली, आणि त्यांतल्या एकाबद्दल भाच्याशी वेगळं बोलले. बंदी घातली नाही. ते लोक काय लिहितात हे त्याला वाचून दाखवलं. त्यानं ते नाव स्वतःच खोडलं.

पण त्याच नॉर्वेत १९९५ मध्ये 'उल्व्हर' या बँडनं 'बर्गटाट' नावाचा अल्बम काढला. डोंगराच्या पोटात ओढून नेलेल्या मुलीची लोककथा, लाकडी गिटार, समूहात म्हटल्यासारखा स्वच्छ आवाज आणि मधूनच तुफान. तिथून एक वेगळी वाट फुटली. अ‍ॅगलॉकनं ती वाट धरली, स्वीडनच्या 'कॅटाटोनिया'कडून तिला उदासी आणली, इंग्लंडच्या लोकसंगीती बँडांकडून लाकडी साधेपणा आणला. आग लावणाऱ्यांच्या हातातली भाषा घेऊन तिच्यात पोर्टलंडच्या या तिघा-चौघांनी शोक लिहिला. माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे.

इथं मी माझ्या मुद्द्याशी येते. आपल्याकडं गाण्याची सगळ्यात मोठी स्तुती कोणती? 'गळा गोड आहे.' मुलगी बघायला आलेले लोक म्हणतात, शाळेच्या स्नेहसंमेलनातले पाहुणे म्हणतात, टीव्हीवरचे परीक्षक म्हणतात. गोडवा हाच सुराचा धर्म आहे असं आपण धरून चालतो. मग जो आवाज गोड नाही तो रागाचा, रोगाचा, नाहीतर असंस्कृत ठरतो. पण आपल्याच वाड्या-वस्त्यांवर एक आवाज होता, जो गोड नव्हता आणि ज्याच्यावाचून कुणाचं मरण पुरं होत नसे.

२०१२ च्या कार्तिकात अण्णा गेले. सकाळपासून माणसं येत होती. सगळे हळू बोलत होते, डोळे टिपत होते. दुपारी गावाकडून काकू आल्या. वाड्याच्या दारात पाऊल टाकलं आणि त्यांनी हेल काढला. ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. एक लांब, चढत जाणारा सूर, मध्ये फाटणारा, आणि त्यात माणसाची सगळी हकीगत: दादा, तुम्ही मला अष्टगंधाची डबी दिली होती, दादा, तुम्ही माझ्या लेकाच्या फीचे पैसे भरले होते. काकूंचा घसा अर्ध्या तासात बसला तरी हेल थांबला नाही. पुण्याहून आलेल्या एका नातेवाइकानं उठून रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या. त्यांना लाज वाटली. मला त्या क्षणी पहिल्यांदा रडू आलं. सकाळपासून आलं नव्हतं.

त्या रात्री मी मागच्या गोदामात, नागरमोथ्याच्या पोत्यांवर बसून, कानाला हेडफोन लावून 'मॅरो ऑफ द स्पिरिट' ऐकला. अ‍ॅगलॉकचा २०१० चा अल्बम. सुरुवातीला वाहत्या पाण्याचा आवाज, पाखरं, आणि त्यावर एकटं चेलो. आपल्या सारंगीच्या कुळातलंच म्हणावं असं ते वाद्य, पण खर्जातलं. ते पुष्कळ वेळ एकटंच वाजतं. आणि मग दुसरं गाणं एकदम कोसळतं. ढोल, गिटारी, आणि तो फाटलेला आवाज. काकूंच्या आणि त्या आवाजाच्या मध्ये मला काही अंतर वाटलं नाही. घसा फाटला की आवाज खोटं बोलू शकत नाही. संतांनी देवापुढं टाहो फोडला, असं आपण कीर्तनात दर आठवड्याला ऐकतो. टाहो गोड असतो का? तो फोडावा लागतो, म्हणूनच भाषेनं त्याला ते क्रियापद दिलंय.

राग साचलेला असेल तर तो वेगळा दिसतो, हे मला दुकानातल्या चाळीस बायका-पोरांत वावरून कळतं. पंधरा वर्षांचं जे पोर पावणेपंधरा मिनिटांचं गाणं पुरं ऐकतं, वहीत त्याचं नाव झाडाच्या मुळ्यांसारखं कोरून काढतं, त्याच्याकडं धीर आहे आणि त्याला काहीतरी हरवल्याचं जाणवतंय. त्याचे आजोबा गेले तेव्हा तो लहान होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सोसायटीसमोरची वडाची रांग रस्तारुंदीत गेली. त्या दिवशी तो शाळेतून येऊन जेवला नव्हता, हे बहिणीनंच मला सांगितलं होतं. तिला ते आता आठवत नाही. मला आठवतंय.

बँडची पुढची हकीगत थोडक्यात सांगते. १९९९ चा 'पेल फोकलोर' हा पहिला अल्बम. त्यात थंडी आहे, पण हात अजून शिकाऊ आहे. सुरुवातीच्या अल्बमांत ढोलही हॉम स्वतःच वाजवायचे. डॉन अँडरसन दुसरी गिटार, जेसन वॉल्टन बेस. अँडरसन साहित्याचे प्राध्यापक. धंदा, नोकरी सांभाळून केलेलं हे काम आहे आणि त्याची घाई कुठं दिसत नाही: १९९९ ते २०१४ या पंधरा वर्षांत पूर्ण लांबीचे अल्बम पाच. २००६ चा 'अ‍ॅशेस अगेन्स्ट द ग्रेन' बहुतेकांचा आवडता. त्यात गिटारींची भिंत जाड आहे, सूर लांबवर तरंगत राहतात. नवख्या माणसानं त्यातलं 'फॉलिंग स्नो' आधी ऐकावं असं मी म्हणेन, कारण त्याची चाल लगेच धरता येते. पुढं ईसॉप डेकर ढोलावर आले आणि 'मॅरो'त सगळं खडबडीत, उघडं झालं. मला तोच सर्वांत खोल वाटतो. 'ब्लॅक लेक निडस्टँग' हे त्यातलं सतरा मिनिटांहून मोठं गाणं रात्री एकटीनं ऐकायचं धाडस मी अजून क्वचितच करते. २०१२ मध्ये गटेच्या 'फाउस्ट'वरचं वीस मिनिटांहून मोठं एकच गाणं त्यांनी काढलं. २०१४ चा 'द सर्पंट अँड द स्फिअर' मात्र मला थोडा निवलेला वाटतो. जमिनीवरून नजर काढून ते ताऱ्यांकडं बघू लागले आणि चिखलाचा वास गेला. त्यात नॅथॅनिएल लारोशेट या कॅनेडियन वादकाचे गिटारीचे तीन छोटे तुकडे आहेत, ते मात्र जपून ठेवावेत असे.

२०१६ च्या मे महिन्यात बँड फुटला. हॉम एकीकडं, बाकीचे तिघं एकीकडं. दोन्ही बाजूंनी नवे बँड काढले. हॉम यांचा 'पिलोरियन', बाकीच्यांचा 'खोराडा'. दोन्हींचा एकेक अल्बम मी ऐकला. कारागिरी दोन्हींत आहे, पण अण्णा आणि काका वेगळे झाले तेव्हा दोन्ही दुकानांत तोच बुक्का होता आणि तरी गिऱ्हाईक म्हणायचं, काहीतरी कमी आहे. तसं. २०२३ मध्ये हॉम, अँडरसन आणि वॉल्टन नव्या ढोलवादकासह पुन्हा मंचावर आले. काकांशी आमचं मात्र शेवटपर्यंत जुळलं नाही.

मी भाच्याला फोन करून विचारलं, या बँडमधलं काय आवडतं? तो आधी बोलेना. मग म्हणाला, "मावशी, त्यात कोणी मला काही सांगत नाही." चौदा-पंधराव्या वर्षी दिवसभर सगळेच काहीतरी सांगत असतात. क्लासचे सर, आई, बाबा, मोबाइलमधली माणसं. पाव तासभर कुणी काही न सांगता शेजारी बसून राहतं, ही काही लहान गोष्ट नव्हे. शाळेतल्या बाईंचं मन वाईट नाही हे मला माहीत आहे. त्यांनी विचारपूस केली हेही चांगलंच. फक्त त्यांनी पोराला विचारायच्या आधी गाण्याला विचारलं, आणि तेही अर्धा मिनिट.

दिवाळीत बहीण पोराला घेऊन आली. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मी पितळी डबी काढली. अण्णांचा तुकडा आता हरभऱ्याच्या दाण्याएवढा उरलाय. त्याची एक कपची निखाऱ्यावर टाकली. भाच्यानं नाक मुरडलं नाही, पुढं वाकला. मग बहिणीला मी गोदामात बसवलं, त्याच पोत्यांवर, आणि मोठ्या स्पीकरवर ते पावणेपंधरा मिनिटांचं गाणं लावलं. तो आवाज आला तेव्हा तिनं पदर आवळून धरला. पोरगा तिच्याकडं बघत होता, गाण्याकडं त्याचं लक्ष नव्हतंच. मी काही बोलले नाही. गाणं संपलं, बाहेर कुणीतरी फटाके उडवत होतं.

बराच वेळ ती तशीच बसली. मग पोराला म्हणाली, "मधे सगळं थांबतं आणि ती गिटार एकटीच वाजते बघ, तिथून परत लाव."